गावच्या सर्वधर्म कार्यक्रमात ख्रिस्ती कुटुंबं आरती-प्रसादापासून लांब राहतात : कार्यक्रमाची मांडणी कशी करावी?

बेंबळाकाठ

आमच्या गावात (यवतमाळ जिल्हा) राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला गुरुदेव सेवा मंडळ आणि ग्रामपंचायत मिळून सर्वधर्म कार्यक्रम घेतात. सामुदायिक प्रार्थना, चार धर्मांच्या लोकांची भाषणं, आरती आणि महाप्रसाद, असा क्रम ठरलेला आहे. ख्रिस्ती घरं मोजकीच. काही जुन्या मिशनच्या चर्चची, काही अलीकडे सुरू झालेल्या प्रार्थनाघरात जाणारी. चर्चचे पाळक भाषणाला येतात, पण आरती सुरू झाली की बाजूला जाऊन उभे राहतात आणि जेवायला थांबत नाहीत. प्रार्थनाघरवाले येतच नाहीत. मंडळातल्या काही जणांना हा महाराजांचा अपमान वाटतो. "यांना बोलवायचंच कशाला" इथपर्यंत गोष्ट आली आहे.

जाणकारांना विचारायचं ते असं. इतर धर्मांबद्दल ख्रिस्ती लोकांची भूमिका नेमकी काय असते, आणि ती सगळ्यांची सारखीच असते का? आरती-प्रसाद टाळण्यामागे शास्त्राचा आधार आहे की हा फक्त हट्ट आहे? आणि कुणालाच कमीपणा न येता कार्यक्रम बसवायचा कसा?

शास्त्रवाचक_अकोला

भाऊ, आधी ती घरं कोणत्या चर्चची आहेत ते शांतपणे समजून घ्या. उत्तर त्यावरच अवलंबून आहे. विदर्भात अकोला-बुलढाणा-अमरावतीकडे अलायन्स मिशनची जुनी मंडळी आहेत, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, चंद्रपूर-गडचिरोली-वर्धा पट्ट्यात सिरो-मलबार (केरळच्या जुन्या परंपरेचे) कॅथलिक, नागपूर-अमरावतीत लॅटिन (रोमच्या) रीतीचे कॅथलिक. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया तर नागपुरातच २९ नोव्हेंबर १९७० ला सहा चर्च एकत्र येऊन उभी राहिली. प्रार्थनाघरं बहुतेक पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या) वळणाची आणि स्वतंत्र असतात, त्यांच्यावर बिशप नसतो. त्यामुळे एका पाळकाने होकार दिला म्हणजे सगळ्या ख्रिस्ती घरांनी दिला, असं धरू नका.

कॅथलिकांची भूमिका लेखी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) २८ ऑक्टोबर १९६५ ला 'नोस्त्रा एताते' हे घोषणापत्र काढलं. मतदान झालं २२२१ विरुद्ध ८८. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. हिंदूंचं तत्त्वचिंतन, तप, ध्यान आणि भक्ती यांचा त्यात आदराने उल्लेख येतो. बौद्ध धर्माचाही येतो. मुसलमान एकाच देवाची उपासना करतात, येशूला संदेष्टा मानतात आणि मरियेचा मान ठेवतात, हेही नोंदवलं आहे. त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर १९६४ मध्ये, पोप सहावे पॉल मुंबईला आले होते. वेगवेगळ्या धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली 'असतो मा सद्गमय' ही प्रार्थना उद्धृत केली. पण त्याच घोषणापत्रात हेही आहे की ख्रिस्त हाच मार्ग, सत्य आणि जीवन आहे, आणि हे सांगत राहणं चर्चचं कर्तव्य आहे. २००० सालच्या 'डोमिनुस येझुस' या व्हॅटिकनच्या निवेदनाने हा दुसरा भाग आणखी ठासून मांडला. आदर आहे, पण सगळे धर्म सारखे असं कॅथलिक चर्च म्हणत नाही. गावातल्या गोंधळाचं मूळ बरंचसं इथे आहे, कारण आदर दिला म्हणजे समानता मान्य केली असं आपण गृहीत धरतो.

इव्हँजेलिकल (बायबल आणि सुवार्ताप्रसारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) मंडळींचा पाया म्हणजे त्यांच्या जागतिक परिषदेत झालेला १९७४ चा लोझानचा करार. सर्व धर्मांतून ख्रिस्त सारखाच बोलतो असं गृहीत धरणारा संवाद तो नाकारतो. पण समोरच्याला समजून घेण्यासाठी मनापासून ऐकणारा संवाद मात्र आवश्यक मानतो. पेंटेकॉस्टल पाळकाशी बोलताना हे दुसरं वाक्य धरून बोला. "तुम्ही आमचं ऐका, आम्ही तुमचं ऐकतो" हे त्यांना चालतं. "सगळे मार्ग एकाच ठिकाणी जातात" हे व्यासपीठावरून त्यांच्या तोंडून वदवून घ्यायला गेलात तर ते उठून जातील.

आता प्रसाद. हा हट्ट नाही. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात, अध्याय १५ मध्ये यरुशलेमच्या सभेने बिगर-यहुदी विश्वासणाऱ्यांना मूर्तीला वाहिलेलं अन्न वर्ज्य करायला सांगितलं. त्याचा बारीक खुलासा करिंथकरांस पहिल्या पत्रात, अध्याय ८ आणि १० मध्ये आहे. बाजारात विकायला आहे ते चौकशी न करता खा. कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात वाढलेलं खा. पण "हे देवाला वाहिलेलं आहे" असं कुणी सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या आणि सद्सद्विवेकाच्या खातर खाऊ नका. म्हणजे अडचण तुमच्या हातच्या अन्नाची नाही, तुमच्या घरची तर नाहीच. नैवेद्य म्हणून समोर आल्यावर ते घेणं हा त्यांच्या लेखी उपासनेत भाग घेणं ठरतं. उलट बाजूही तशीच आहे. मिस्सेतला (कॅथलिक उपासनेतला) किंवा प्रोटेस्टंटांच्या प्रभुभोजनातला भाकरीचा तुकडा बाप्तिस्मा न झालेल्यांना दिला जात नाही. नाताळला चर्चमध्ये गेलेल्या पाहुण्यांनी त्या रांगेत उभं राहू नये, आणि कुणी थांबवलं तर तोही अपमान समजू नये.

वर्धाकाठ

शास्त्रवाचक यांनी पाया सांगितला, मी मांडणीबद्दल लिहितो.

सर्वधर्म प्रार्थनेच्या दोन पद्धती आहेत आणि गावागावांत त्यांची सरमिसळ होते. पहिली आपल्या ओळखीची, सेवाग्रामची. तिथे जमलेले सगळे मिळून सगळ्या धर्मांच्या प्रार्थना म्हणतात. विनोबांच्या नाममालेतही ईशु-पिता येतो, रहीम येतो, ताओ येतो. त्यामागे गांधी-विनोबांची श्रद्धा आहे आणि ती फार मोठी आहे. पण ती ज्याची आहे त्यालाच अशी प्रार्थना मनापासून म्हणता येते. दुसरी पद्धत असिसीची. २७ ऑक्टोबर १९८६ ला पोप दुसरे जॉन पॉल यांनी जगभरच्या धर्मप्रमुखांना इटलीतल्या असिसीला बोलावलं. प्रत्येक धर्माच्या लोकांनी आधी गावात वेगवेगळ्या जागी आपापल्या रीतीने प्रार्थना केली. मग सगळे संत फ्रान्सिसच्या बॅसिलिकेसमोर जमले आणि एकेकाने आपली प्रार्थना म्हटली. बाकीचे आदराने उभे. कुणी दुसऱ्याची प्रार्थना स्वतःच्या तोंडून म्हटली नाही.

तुमच्या गावाला दुसरी पद्धत घ्या. क्रम साधारण असा बसतो:

सुरुवात दोन मिनिटांच्या मौनाने. मोझरीला, महाराजांच्या आश्रमात, पुण्यतिथीच्या दिवशी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते, तोच धागा धरता येतो. त्यामुळे मंडळालाही हे परकं वाटणार नाही. मौनाला पेंटेकॉस्टल पाळकापासून मौलानांपर्यंत कुणाचीच हरकत नसते. मग प्रत्येक धर्माचा एक जण स्वतःच्या ग्रंथातलं दोन-तीन मिनिटांचं वाचन करेल. त्यानंतर प्रत्येकी सात मिनिटांचं बोलणं. विषय सगळ्यांना एकच द्या आणि तो जमिनीवरचा ठेवा. 'आपल्या धर्मात शेजाऱ्याबद्दल काय सांगितलं आहे' हा विषय चांगला चालतो, कारण प्रत्येकाकडे सांगायला भरपूर असतं. ख्रिस्ती वक्त्याकडे लूकच्या शुभवर्तमानातला चांगला शोमरोनी (वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणारा) आहे, आणि त्या गोष्टीतला चांगला माणूस परक्या पंथाचा आहे. 'ईश्वर' किंवा 'मोक्ष' विषय दिला की सातव्या मिनिटाला तुलना सुरू होते.

नंतर पंधरा मिनिटं प्रश्न, पण चिठ्ठीवर लिहून. सूत्रधार चिठ्ठ्या वाचतो आणि टोचणाऱ्या बाजूला ठेवतो. माईक प्रेक्षकांत फिरवू नका, भांडण तिथेच पेटतं.

सामुदायिक प्रार्थना आणि आरती मंडळाची आहे, ती गाळू नका. पण कार्यक्रमाच्या पोटात ठेवू नका. सर्वधर्म भाग संध्याकाळी ७ ते ८.३०, मग जेवण, आणि आरती सर्वधर्म भागाच्या आधी साडेसहाला किंवा जेवणानंतर. पत्रिकेवर दोन्हींच्या वेळा वेगळ्या छापा. मग आरतीच्या वेळी कोण उठलं, कोण बाजूला उभं राहिलं हा प्रश्नच येत नाही. ज्याला यायचं तो येतो.

दिवस ठरवताना रविवार सकाळ सोडा, उपासना असते. शुक्रवारची दुपार सोडा. सोयाबीन काढणी चालू असेल तर सातच्या आत माणसं जमत नाहीत. भोंगा दहाला बंद म्हणजे बंद. ध्वनी नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ मनाई आहे, आणि एकाला सवलत दिली की दुसरा ती मागतो.

धम्मपथ_उमरखेड

एक मुद्दा सुटतोय. आरतीत फक्त ख्रिस्ती लोकच अडतात असं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती यांची उपासना करणार नाही असं स्पष्ट आहे. तुमच्या गावातले बौद्ध आरतीला उभे राहत असतील तर ते शेजारधर्म म्हणून, श्रद्धा म्हणून नव्हे. मुस्लिम बांधवांचंही तसंच. म्हणजे चारपैकी तीन गट आरतीत प्रेक्षक असतात. ख्रिस्ती पाळक बाजूला होतात म्हणून तेवढे नजरेत भरतात. मंडळाच्या बैठकीत हे कुणाचंही नाव न घेता मांडा, "एकट्या ख्रिश्चनांचा त्रास" ही भावना निम्मी तिथेच उतरेल.

बेंबळाकाठ

धन्यवाद दादा, आरती वेगळ्या वेळेला ठेवणं मंडळाला पटेल असं वाटतं. दोन अडचणी उरतात. महाप्रसाद वेगळा शिजवायचा म्हणजे खर्च आणि आचारी दोन्ही वाढतात. आणि तरुण पोरं म्हणतात की पाळकांना माईक दिला की ते धर्मांतराचं बोलणार. त्यांना काय सांगायचं?

ग्रामसेवा_चांदूर

वेगळं शिजवू नका आणि वेगळी पंगत तर अजिबात बसवू नका. विदर्भातली बरीच ख्रिस्ती आणि बौद्ध घरं ज्या समाजांतून आली आहेत, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वेगळी पंगत भोगली आहे. "तुमच्यासाठी बाजूला काढलंय" हे कितीही प्रेमाने म्हटलं तरी ते जुनं दुखणं उघडं पडतं.

करायचं ते एवढंच. आपल्याकडे नैवेद्याचं ताट दाखवून झालं की त्यातला घास परत मोठ्या गंजात मिसळतात, म्हणजे सगळं वरण, सगळा भात, आलू-वांग्याची भाजी, बुंदी, सगळंच प्रसाद होतं. ते मिसळणं थांबवा. नैवेद्याचं ताट स्वयंपाकाच्या मांडवात न आणता अधिष्ठानाजवळच (महाराजांच्या आसनाजवळ) ठेवा आणि तिथेच शिरा किंवा खडीसाखर वाटा. ज्याला प्रसाद हवा तो तिथून घेईल. मांडवातलं जेवण हे गावजेवण. आचाऱ्याला आणि वाढप्यांना हे आदल्या दिवशी समजावून सांगा, कारण वाढताना एखादा पोरगा सवयीने "घ्या प्रसाद" म्हणून गेला की वर सांगितलेल्या करिंथकरांच्या वचनाप्रमाणे पाळकाचा हात थांबतो. खर्च एका रुपयाने वाढत नाही. मुस्लिम घरांचीही सोय यातच होते, स्वयंपाक शाकाहारी असतोच.

स्वागताला कुंकू-टिळ्याऐवजी गुलाबाचं फूल द्या. दीपप्रज्वलन कॅथलिकांत सर्रास चालतं, पेंटेकॉस्टल टाळतात. आधी विचारा, किंवा त्याऐवजी शाळेच्या आवारात झाड लावा. फोटोला हार घालायलाही कुणाला बळेच पुढे करू नका. स्टेजवर आयत्या वेळी हातात हार देणं हा सगळ्यात वाईट प्रकार आहे. माणूस नाही म्हणाला तर तो गावासमोर पडतो, हो म्हणाला तर त्याच्या मंडळीसमोर.

आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ख्रिस्ती घरांची यादी करू नका, बॅनरवर कुटुंबांची नावं टाकू नका. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) यांनाच अनुसूचित जातीचा दर्जा मिळतो, ख्रिस्ती झालेल्यांना नाही. त्यामुळे काही घरं चर्चला जातात पण त्याबद्दल बोलत नाहीत. माईकवरून "आपल्या गावातले ख्रिस्ती बांधव अमुक अमुक" म्हणणं म्हणजे त्यांच्या पोरांचा जातीचा दाखला आणि शिष्यवृत्ती चव्हाट्यावर आणणं. प्रार्थनाघरवाले येत नाहीत, त्यामागे हे कारण असणं अगदी शक्य आहे. आमंत्रण घरी जाऊन द्या, एकट्याला द्या, आणि आले नाहीत तर कारण विचारू नका.

शास्त्रवाचक_अकोला

धर्मांतराच्या प्रश्नाला बगल देऊ नका. पोरांच्या मनात आहे ते आजचं नाही. विदर्भ मध्य प्रदेशात होता तेव्हा नागपूर राजधानी होती. त्या सरकारने १९५४ मध्ये मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ ला आला आणि मिशनांवर कडक टीका झाली. तेव्हापासून या भागात दोन्हीकडे संशय आहे. दवाखाना, शाळा, कुष्ठरोग्यांची सेवा हे सगळं धर्मांतरासाठीच होतं असं एकीकडे म्हणतात. दुसरीकडे, आपण काहीही केलं तरी संशयच वाट्याला येणार, असं ख्रिस्ती लोकांना वाटतं. हे दोन्ही बाजूंनी मोकळेपणाने बोललं जाणं, हाच संवादातला सगळ्यात जड भाग आहे.

कायद्याचं थोडक्यात : घटनेच्या २५ व्या कलमात धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि प्रचाराचा हक्क आहे. १९७७ च्या रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रचार म्हणजे आपली तत्त्वं मांडणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. दुसऱ्याच्या धार्मिक भावना जाणूनबुजून, दुष्ट हेतूने दुखावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली गुन्हा आहे, आणि तो व्यासपीठावरच्या प्रत्येकाला लागू आहे. राज्याचे नियम बदलत असतात, तेव्हा मांडवाची परवानगी घेतानाच ठाणेदाराकडून सध्याची स्थिती विचारून घ्या.

पण पोरांना कायद्यापेक्षा चर्चची स्वतःची बंधनं दाखवलेली जास्त पटतील. २८ जून २०११ ला व्हॅटिकनची संवाद परिषद, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स या तिघांनी मिळून एक आचारसंहिता काढली. कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि इव्हँजेलिकल एका कागदावर आले, हे क्वचित घडतं. तिच्यात साक्ष देणं (आपली श्रद्धा इतरांना सांगणं) हे कर्तव्य मानलं आहे. पण गरिबीचा किंवा गरजेचा फायदा घेणं, आमिष दाखवणं, सेवाकार्याच्या आडून ओढणं, दुसऱ्या धर्माबद्दल खोटं सांगणं, हे सगळं स्पष्ट शब्दांत नाकारलं आहे. ज्याला धर्म बदलायचा आहे त्याला विचार करायला पुरेसा वेळ मिळाला पाहिजे, असंही त्यात आहे. या संहितेतले मुद्दे पाळकांना कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी भेटून विचारा. "तुम्हाला हे मान्य आहे का, आणि स्टेजवरून तुम्ही हे स्वतः सांगाल का?" बहुतेक पाळक आनंदाने सांगतील. पोरांची शंका मंडळाच्या माणसाने दूर करण्यापेक्षा पाळकाच्याच तोंडून दूर झालेली बरी.

पाळकांना त्याच भेटीत तीन गोष्टी स्पष्ट सांगा. पत्रकं वाटायची नाहीत. आजाऱ्यांसाठी स्टेजवर प्रार्थना नाही. आणि 'पूर्वी मी अंधारात होतो' या धाटणीची साक्ष इथे नाही. हा तिसरा मुद्दा नाजूक आहे. प्रार्थनाघरात अशी साक्ष रोज चालते, बोलणाऱ्याला त्यात कुणाची निंदा दिसत नाही, तो देवाचे आभार मानत असतो. पण समोर बसलेल्यांना 'अंधार' म्हणजे आपला देव, आपली आई-आजी असंच ऐकू येतं. पेत्राच्या पहिल्या पत्रात, अध्याय ३ मध्ये, आपल्या आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्या पण सौम्यतेने आणि आदराने द्या, असं आहे. हे वचन पाळकाला दाखवा, आणखी समजावून सांगावं लागत नाही.

हाच नियम मंडळाच्या वक्त्यालाही. 'ख्रिस्ती धर्म इंग्रजांनी आणला' हे वाक्य अशा स्टेजवर हमखास येतं आणि ते चूक आहे. केरळातले सिरियन ख्रिस्ती इंग्रजांच्या शेकडो वर्षं आधीपासून इथे आहेत. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले ते याच मराठीत, तुकारामांच्या वळणाने. आणखी एक, 'येशू म्हणजे आमच्याच देवाचा अवतार' असं प्रेमापोटी म्हटलं जातं. म्हणणाऱ्याला तो मान वाटतो, ऐकणाऱ्याला त्यात आपली श्रद्धा दुसऱ्याच्या चौकटीत बसवल्यासारखी वाटते. प्रत्येकाने स्वतःच्या धर्माबद्दलच बोलावं, दुसऱ्याचा अर्थ लावून दाखवू नये, ही एकच अट चारही वक्त्यांना लेखी द्या.

वर्धाकाठ

प्रार्थनाघरवाल्यांबद्दल एक भर. १९९१ च्या व्हॅटिकन दस्तऐवजात संवादाचे चार प्रकार दिलेत : शेजारी म्हणून रोजचं जगणं, मिळून केलेलं काम, जाणकारांची तात्त्विक चर्चा, आणि आध्यात्मिक अनुभवांची देवाणघेवाण. वर्षातून एकदा स्टेज बांधून आपण एकदम तिसऱ्या-चौथ्यावर उडी मारतो. स्टेजला जे येत नाहीत ते पांदण रस्त्याच्या श्रमदानाला, रक्तदान शिबिराला, नाल्याच्या खोलीकरणाला येतात, कारण तिथे कुणालाच हात जोडायला लावत नाहीत. ग्रामपंचायतीच्या श्रमदानाची तारीख पुण्यतिथीच्या दोन-तीन आठवडे आधीची ठेवा आणि पाचही ठिकाणांहून, म्हणजे मंदिर, विहार, मशीद आणि दोन्ही चर्चकडून (जुनं चर्च आणि प्रार्थनाघर) प्रत्येकी एक माणूस आखणीला घ्या. दोन्ही चर्च वेगळी मोजा, एकाला दुसऱ्याचा प्रतिनिधी करू नका.

बेंबळाकाठ

ठीक आहे. मंडळाच्या बैठकीत आरतीची वेळ, गंजात नैवेद्य न मिसळणं आणि वक्त्यांची एक अट, हे तीन ठराव मांडतो. पत्रिकेचा मजकूर तयार झाला की इथे टाकतो, छापण्याआधी डोळ्याखालून घाला.